व्हिटबीची हिल्ड: राजे जिच्याकडे सल्ल्याला येत

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं बंदराचं गाव आहे. गावातून टेकडीवर जायला १९९ पायऱ्या आहेत, आणि वर समुद्राच्या वाऱ्यात एका मोठ्या दगडी मठाचे अवशेष उभे आहेत. खालच्या कड्यांमध्ये वेटोळं घातलेल्या सापासारखे दगड सापडतात. त्यांची गोष्ट गावात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. हिल्ड नावाची संत बाई इथे मठ बांधायला आली, तेव्हा टेकडीवर सापांचा सुळसुळाट होता. तिने प्रार्थना केली आणि सगळ्या सापांचे दगड होऊन ते कड्यावरून खाली पडले. एके काळी गावातले कारागीर त्या दगडांवर सापाचं तोंड कोरून ते पाहुण्यांना विकत.

हा दगड मराठी घराला अनोळखी नाही. ज्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे, त्यांनी त्यावरचं चक्र एकदा निरखून पाहावं. नेपाळातल्या गंडकीत मिळणारे शाळिग्राम आणि व्हिटबीचे दगडी साप ही एकाच प्रकारच्या प्राण्यांची शिंपली. अमोनाइट नावाचे हे समुद्री जीव कधीचेच नामशेष झाले. व्हिटबीच्या कड्यातले तर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्यातल्या एका गटाला शास्त्रज्ञांनी हिल्डच्याच नावावरून ‘हिल्डोसेरास’ असं नाव दिलं.

सापांची गोष्ट गोड आहे, पण तिच्यामागे खरी हिल्ड झाकली जाते असं मला वाटतं. कारण सातव्या शतकात या बाईने जे प्रत्यक्षात केलं, ते सापांचे दगड करण्यापेक्षा जास्त थक्क करणारं आहे. तिला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार नव्हता, कुणाला धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचाही नव्हता. तरी तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण बिशप झाले, राजे तिच्याकडे सल्ल्याला येत, आणि इंग्लंडच्या ख्रिस्ती इतिहासातला एक मोठा वाद तिच्याच घरात बसून मिटवला गेला. हे कसं घडलं, ते नीट समजून घेऊ या.

आधी माहिती येते कुठून, ते पाहू. हिल्डने स्वतः लिहिलेली एक ओळही आज उरलेली नाही. तिच्याविषयी जे कळतं ते बहुतेक सगळं एका साधूच्या लेखणीतून. त्याचं नाव बीड, उच्चार आपल्या बीड जिल्ह्यासारखाच. जॅरो इथल्या मठात राहून त्याने ७३१ साली इंग्रज लोकांच्या धर्माचा इतिहास लॅटिनमध्ये लिहून पुरा केला. हिल्ड वारली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. पुढे ज्या बिशप जॉनने बीडला दीक्षा दिली, तो जॉन हिल्डच्या मठात शिकलेला. म्हणजे बीड आणि हिल्ड यांच्यात जेमतेम एका माणसाचं अंतर होतं.

हिल्डचा जन्म ६१४ सालचा. तेव्हा ‘इंग्लंड’ नावाचा एक देश नव्हता, लहान लहान राज्यं होती. उत्तरेत नॉर्थम्ब्रिया होतं, आणि त्याचेही दोन तुकडे: दक्षिणेला डेइरा, उत्तरेला बर्निशिया. दोन्हीकडची राजघराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली. हिल्ड डेइराच्या घराण्यातली. तिचा बाप हेरेरिक हा राजपुत्र एडविनचा पुतण्या. बर्निशियाचा राजा गादीवर होता तेव्हा या कुटुंबाला परागंदा व्हावं लागलं. हेरेरिकने एल्मेट नावाच्या छोट्या राज्यात आसरा घेतला, आणि तिथेच त्याच्यावर विषप्रयोग झाला.

तिची आई ब्रेगुस्विथ हिला तेव्हा पडलेलं एक स्वप्न बीडने नोंदवलं आहे. नवरा अचानक कुठे गेला कळेना, म्हणून ती त्याला सगळीकडे शोधते आहे. तो काही सापडत नाही. शोधता शोधता स्वतःच्याच वस्त्राखाली तिला एक मौल्यवान कंठा सापडतो, आणि त्याची प्रभा साऱ्या ब्रिटनवर पडते. कंठा म्हणजे हिल्ड, असं बीड सांगतो. संतचरित्रांत अशी स्वप्नं पुष्कळ असतात. तरी नवऱ्याला शोधत फिरणारी ती बाई मला अगदी खरी वाटते. पोरक्या होणाऱ्या लेकीला ती वस्त्राखाली जपून आहे.

नाव हिल्ड, म्हणजे त्यांच्या भाषेत लढाई. त्या घराण्यांत अशी नावं सर्रास असत.

६१६ साली पारडं फिरलं आणि एडविन राजा झाला. त्याने दक्षिणेकडच्या केंट राज्याच्या राजकन्येशी लग्न केलं. ती ख्रिस्ती होती आणि सोबत पॉलिनस नावाचा बिशप घेऊन आली होती. हा पॉलिनस रोमहून पोपने पाठवलेल्या मंडळींपैकी. त्याच्या हातून १२ एप्रिल ६२७ रोजी, ईस्टरच्या दिवशी, यॉर्कमध्ये घाईघाईने उभारलेल्या एका लाकडी चर्चमध्ये एडविनने बाप्तिस्मा घेतला. हिल्डचाही बाप्तिस्मा पॉलिनसच्याच उपदेशाने, राजाबरोबर झाला. तेव्हा ती तेरा वर्षांची असेल.

सहाच वर्षांनी, ६३३ मध्ये, एडविन लढाईत मारला गेला. पॉलिनस विधवा राणीला आणि तिच्या लहान मुलीला घेऊन समुद्रमार्गे केंटला निघून गेला. गादी पुन्हा बर्निशियाच्या घराण्याकडे गेली. नवा राजा ऑस्वाल्ड बालपणी आयरिश लोकांत वाढलेला होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाचं बेट आहे. तिथे आयरिश साधूंचा मोठा मठ होता. ऑस्वाल्डने तिथून धर्मोपदेशक मागवला. ६३५ साली एडन आला आणि लिंडिसफार्न बेटावर राहू लागला. हा माणूस शक्यतो पायी फिरे, वाटेत भेटेल त्याच्याशी बोले, आणि मिळालेलं दान गरिबांत वाटून टाके.

पुढचा वाद समजायला एवढं लक्षात ठेवायचं, की नॉर्थम्ब्रियात ख्रिस्ती धर्म दोन वाटांनी आला: आधी रोमहून केंटमार्गे, मग आयर्लंडहून आयोनामार्गे. हिल्डला बाप्तिस्मा मिळाला पहिल्या वाटेने आणि घडवलं दुसऱ्या वाटेने.

तिच्या आयुष्याचे बीड दोन सारखे भाग करतो. ३३ वर्षं संसारी जगात, ३३ वर्षं मठात. पहिल्या ३३ वर्षांबद्दल तो फारसं बोलत नाही. तिचं लग्न झालं होतं का, मूलबाळ होतं का, कशाबद्दल चकार शब्द नाही. ६४७ च्या सुमारास ती पूर्व अँग्लिया नावाच्या राज्यात दिसते. तिची बहीण हेरेस्विथ त्या राजघराण्यात दिलेली होती. बहिणीने पुढे संन्यस्त जीवन पत्करलं. ते आजच्या फ्रान्समधल्या शेल इथल्या मठाचं, कारण इंग्रजांच्या मुलखात बायकांचे मठ तेव्हा फारसे नव्हतेच. हिल्डलाही तिकडेच जायचं होतं. वर्षभर ती त्या तयारीत राहिली. तेवढ्यात एडनचा निरोप आला: परत ये.

ती परतली. वेअर नदीच्या उत्तर काठाला तिला एक ‘हाइड’ जमीन मिळाली. हाइड म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी शेती. राजघराण्यातली बाई, वय तेहतीस, हातात एका कुळाची जमीन आणि सोबत मूठभर सख्या. वर्षभर त्या तिथे राहिल्या. मग एडनने तिला हार्टलपूलच्या मठाची प्रमुख नेमलं. तो मठ हेइउ नावाच्या बाईने स्थापला होता. नॉर्थम्ब्रियात संन्यासिनीची वस्त्रं घेणारी पहिली स्त्री ती. ती तिथून दुसरीकडे गेली आणि जागा हिल्डकडे आली.

मठप्रमुख बाईला इंग्रजीत ‘ॲबेस’ म्हणतात. आपण मठमाता म्हणू, कारण हिल्डला ओळखणारे सगळे तिला ‘आई’च म्हणत, असं बीडने लिहूनच ठेवलं आहे. या पदाचं नेमकं स्वरूप काय, इथे बऱ्याच वाचकांचा गोंधळ होतो. आज ‘सिस्टर’ आणि ‘मदर सुपीरियर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते फक्त बायकांचं कॉन्व्हेंट. हिल्डचा मठ तसा नव्हता. तो जोडमठ होता: एकाच आवारात पुरुष साधूही आणि स्त्रियाही, प्रत्येकाची राहण्याची सोय वेगळी, आणि सगळ्यांची प्रमुख एक बाई. मिस्सा, पापनिवेदन, दीक्षा ही कामं धर्मगुरू आणि बिशप यांची. मठमातेला ती करता येत नसत. पण जमीन कशी कसायची, धान्य कुणाला किती, कुणी काय शिकायचं, कुणाला मठात घ्यायचं, कुणाला शिक्षा करायची, हे सगळं ती ठरवी. वेदीवर उभा राहणारा धर्मगुरू खाली उतरला की तिच्या शिस्तीत येई.

ही पद्धत आधी फ्रान्सकडच्या मठांत रुजली आणि सातव्या शतकात इंग्रजांकडेही पसरली. इलीच्या मठात एथेल्थ्रिथ, कोल्डिंगहॅमच्या मठात एबे अशा मठमाता झाल्या. या सगळ्या राजघराण्यातल्या बायका, आणि त्याचं कारण सरळ आहे. मठाला जमीन लागते, जमीन राजा देतो, आणि राजा ती घरच्या माणसाच्या हाती देतो. पुन्हा राजघराण्यातल्या बाईला वाटाघाटी, पाहुणचार, नातीगोती सांभाळणं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. हिल्डच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ती डेइराची, आणि आता गादीवर बर्निशियाचं घराणं. ऑस्वाल्डनंतर त्याचा भाऊ ऑस्वी राजा झाला होता. त्याने लग्न केलं होतं एडविनच्याच मुलीशी, एनफ्लेडशी. हीच ती लहानपणी केंटला नेलेली मुलगी. एनफ्लेड नात्याने हिल्डची आत्या लागे, वयाने मात्र हिल्डपेक्षा बारा वर्षांनी लहान. दोन वैरी घराण्यांना जोडणाऱ्या या धाग्यात हिल्डसारखी वडीलधारी बाई किती मोलाची असेल, याची कल्पना एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही येईल.

व्हिटबीचा मठ उभा राहिला तो एका नवसातून. पेंडा हा मर्सियाचा राजा नॉर्थम्ब्रियावर सारखा चालून येई. ६५५ साली निकराची लढाई व्हायची होती. ऑस्वी बोलला, जिंकलो तर माझी मुलगी देवाला वाहीन आणि मठांसाठी बारा जमिनी देईन. तो जिंकला, पेंडा पडला. मुलगी एल्फ्लेड जेमतेम वर्षाची होती. तिला हिल्डच्या स्वाधीन केलं गेलं. आपल्याकडेही लेकरं देवाला वाहण्याची रीत होती, आणि त्यातून मुलींचं काय झालं ते आपण जाणतो. एल्फ्लेडच्या नशिबी हिल्ड होती. तान्ह्या वयात आलेली ही मुलगी तिच्याजवळ वाढली, शिकली, पुढे व्हिटबीत स्वतः मठमाता झाली आणि तिथेच साठीच्या उंबरठ्यावर वारली.

दोन वर्षांनी, ६५७ मध्ये, हिल्डने समुद्राकाठच्या स्ट्रेनेशाल्क या जागी दहा हाइड जमीन घेऊन नवा मठ बांधला. तेच आजचं व्हिटबी. हे नाव खूप नंतर आलं, डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांनी दिलेलं. पर्यटक आज ज्या उंच कमानींचे फोटो काढतात, त्याही तिच्या काळच्या नव्हेत. त्या पाचएकशे वर्षांनंतरच्या, दुसऱ्या मठाच्या. तिचा मठ त्या मातीखाली आहे. उत्खननात तिथे टाचण्या मिळाल्या, मागाला लावायची वजनं मिळाली, मेणाच्या पाटीवर लिहायच्या धातूच्या लेखण्या मिळाल्या. म्हणजे विणणं आणि लिहिणं एकाच आवारात चालत होतं. व्हिटबीत सापडलेली एक हाडाची फणी तर मला विसरता येत नाही. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे त्या जुन्या इंग्रज लोकांच्या काळातली ही फणी, दाते बरेचसे तुटलेले, आणि पट्टीवर रून नावाच्या त्यांच्या जुन्या लिपीत कोरलंय: माझ्या देवा, सर्वशक्तिमान देव साहाय्य करो. पहिले दोन शब्द लॅटिन, पुढचे इंग्रजी. त्यानंतर मालकाचं नाव सुरू होतं आणि तिथेच फणी तुटते.

मठाचा नियम बीडने थोडक्यात दिला आहे. न्याय, भक्ती, शुचिता, आणि सगळ्यांत वर शांती आणि प्रेम. कुणी श्रीमंत नाही, कुणी गरीब नाही, सगळं सगळ्यांचं, कुणाचंच स्वतःचं असं काही नाही. साधी माणसं अडीअडचणीला तिच्याकडे येतच, पण राजे आणि राजपुत्रही सल्ला मागत, आणि मिळालेला सल्ला पाळत. मठातल्या लोकांना ती धर्मग्रंथांचा इतका अभ्यास करायला लावी, की चर्चच्या सेवेला लायक माणसं तिथे सहज मिळत. बोसा, एट्ला, ऑफ्टफोर, जॉन आणि दुसरा विल्फ्रिड असे पाच बिशप तिथून निघाले.

आता ६६४ ची धर्मसभा. हा भाग किचकट समजला जातो, पण ज्याच्या घरात भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर आहे त्याला तो चटकन कळेल.

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. तो चंद्रावर बसवलेला आहे, आणि ऋतूवरही, आणि वारावरही: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून अकरा दिवस तोकडं. ही तूट आपण अधिक मासाने भरून काढतो, १९ वर्षांत सात वेळा. रोमची मंडळी ईस्टरसाठी हेच १९ वर्षांचं चक्र वापरत. आयोनाचे साधू जुनं, ८४ वर्षांचं चक्र वापरत. शिवाय तिथीचा फरक होता. चांद्रमासाच्या चौदाव्या दिवशी रविवार आला, तर आयोनाचे लोक त्याच दिवशी ईस्टर करत, रोमचे पुढच्या रविवारपर्यंत थांबत. त्यामुळे काही वर्षी दोघांचे सण वेगळ्या दिवशी पडत.

पडले तर पडले, असं वाटेल. पण ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो, उपवासाचा. राजा ऑस्वी आयोनाच्या रीतीत वाढलेला, राणी एनफ्लेड केंटच्या, म्हणजे रोमच्या रीतीतली. बीड सांगतो, कधी कधी असं होई की राजाचा उपवास सुटून ईस्टरची मेजवानी चालू आहे, आणि राणी अजून उपवासातच, तिचा त्या दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. एकाच वाड्यात एका पंगतीला मांस वाढलं जातंय, आणि शेजारच्या दालनात राणी आणि तिची माणसं उपाशी. घरात दोन पंचांगं आली की काय होतं, ते आपल्याकडेही काही घरांना माहीत आहे. इथे तर घर राजाचं होतं, आणि देवाच्या सर्वांत मोठ्या दिवसाबद्दल दुमत होतं.

भिक्षूंनी डोकं कसं भादरायचं, यावरही मतभेद होते. पण मूळ दुखणं सणाचं.

सभा हिल्डच्या मठात भरली. एका बाजूला लिंडिसफार्नचा बिशप कोलमन आणि त्याचे आयरिश साधू. दुसऱ्या बाजूला फ्रान्सकडचा बिशप ॲगिलबर्ट, रोम पाहून आलेला तडफदार विल्फ्रिड, आणि ऑस्वीचा मुलगा ॲल्हफ्रिथ. कुणाला इंग्रजी नीट येत नाही, कुणाला आयरिश येत नाही, म्हणून बिशप चेड दुभाष्या झाला. यजमानीण हिल्ड स्वतः कोलमनच्या बाजूची. एडनच्या शब्दावर ती परत फिरली होती, दुसरं काय होणार!

कोलमन म्हणाला, आमची रीत आमच्या वडीलधाऱ्यांची, थेट येशूचा शिष्य संत योहान याच्यापासून चालत आलेली. विल्फ्रिडने उत्तर दिलं, की सारं ख्रिस्ती जग एका दिवशी सण करतं आणि दोन बेटांच्या टोकाला राहणारे हे थोडे लोक तेवढे हटून बसलेत. मग त्याने पेत्राचा दाखला दिला, म्हणजे रोमचं चर्च ज्याला आपला मूळ पुरुष मानतं आणि ज्याला येशूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या दिल्या त्या शिष्याचा. ऑस्वीने कोलमनला विचारलं, हे पेत्राला म्हटलं होतं हे खरं का? खरं, कोलमन म्हणाला. तुमच्या कोलंबाला, आयोनाचा मठ स्थापणाऱ्या त्या संताला, असा काही अधिकार दिल्याचं दाखवता येईल? नाही. मग मी द्वारपालाच्या विरोधात जाणार नाही, राजा म्हणाला. मी स्वर्गाच्या दाराशी पोचेन तेव्हा किल्ल्या ज्याच्या हाती आहेत त्यानेच पाठ फिरवली, तर दार कोण उघडणार?

निकाल रोमच्या बाजूने लागला. कोलमनने लिंडिसफार्न सोडलं, आपली माणसं घेऊन तो आयोनाला गेला आणि तिथून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर. आज वसईत आणि गोव्यात ईस्टरची तारीख ठरते तीही मुळात त्या १९ वर्षांच्या चक्राच्या गणितानेच, पुढे सुधारलेल्या.

हिल्ड हरली, आणि जागेवर राहिली. मला तिच्या आयुष्यातला सर्वांत अवघड क्षण हाच वाटतो. ज्याने तिला घडवलं त्या एडनची रीत तिच्याच छपराखाली मोडीत निघाली. तिच्या बाजूचा बिशप सामान बांधून निघून गेला. तिच्या मठात मात्र पुढच्या वर्षी ईस्टर नव्या हिशेबाने झाला, आणि मठ फुटला नाही. एवढ्या माणसांचा प्रपंच तिच्या अंगावर होता. मनातून ती विल्फ्रिडला मात्र विसरली नसावी. पुढे विल्फ्रिड बिशपपदावरून हटवला गेला आणि दाद मागायला रोमला गेला, तेव्हा त्याच्या विरोधात पोपसमोर उभे राहिलेल्यांत हिल्डने पाठवलेले दूतही होते. यॉर्कला त्याच्या जागी जो बिशप बसला, तो हिल्डचा बोसा.

आणि आता कॅडमन. मठाच्या गुरांकडे बघणारा हा वयस्कर माणूस. गाणं त्याला मुळीच येत नसे. मेजवानीत वीणेसारखं एक वाद्य हातोहात फिरे आणि ज्याच्याकडे ते येई त्याने गायचं, अशी रीत. वाद्य आपल्याकडे सरकतंय असं दिसलं, की कॅडमन पंगतीतून उठून निघून जाई. एका रात्री तो असाच उठला आणि गोठ्यात गेला. गुरं राखायची पाळी त्याची होती. तिथेच झोपला. स्वप्नात कुणीतरी त्याला नावाने हाक मारली: कॅडमन, मला काहीतरी गाऊन दाखव. मला गाता येत नाही, म्हणून तर मी पंगतीतून उठून इथे आलो. तरी तुला गायचंच आहे. काय गाऊ? सृष्टीचा आरंभ गा.

आणि तो गायला. जाग आली तेव्हा ओळी त्याला पाठ होत्या.

सकाळी त्याने आपल्या कारभाऱ्याला सांगितलं, आणि कारभारी त्याला हिल्डकडे घेऊन गेला. या ठिकाणी थोडं थांबावंसं वाटतं. गुराखी म्हणतोय, स्वप्नात मला काव्य आलं. असं म्हणणाऱ्याला हाकलून देणं सोपं, आणि लगेच संत ठरवून मोकळं होणंही सोपं. हिल्डने विद्वान बोलावले, त्यांच्यासमोर त्याला ते गायला लावलं, सर्वांचं मत घेतलं. मग त्याला धर्मग्रंथातला एक उतारा समजावून सांगितला, आणि म्हटलं, जमलं तर याचं काव्य कर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उत्तम रचना घेऊन आला. तेव्हा हिल्डने त्याला मठात घेतलं आणि पवित्र इतिहास त्याला क्रमाने शिकवायला सांगितलं. कॅडमनला वाचता येत नव्हतं. तो ऐके, आणि बीडच्या शब्दांत, गायीने रवंथ करावं तसं ते मनात घोळवून गोड काव्यात उतरवी. मग त्याचे गुरूच त्याचे श्रोते होत.

त्याच्या त्या पहिल्या गीताच्या नऊ ओळी आज उपलब्ध आहेत, इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या कवितांपैकी एक म्हणून. सुरुवात अशी: ‘नू स्क्युलुन हेर्गान हेफेनरीकेस वार्द’. आता आपण स्वर्गराज्याच्या राखणदाराची स्तुती गाऊ या. त्यापुढची ओळ ‘मेतुदेस मेख्ती एन्द हिस मोदगिदांक’. शेवटच्या अक्षराचं यमक नाही, पण म-म-म असा अनुप्रास ओळीचे दोन्ही भाग बांधतो. ही त्यांच्या जुन्या वीरगीतांची चाल. मद्याच्या पंगतीत लढायांसाठी वापरलेली चाल पहिल्यांदाच देवाच्या कामाला लागली. पुढे तो म्हणतो, देवाने माणसांच्या लेकरांसाठी आधी आकाशाचं छप्पर घातलं. गोठ्यात निजलेल्या माणसाला आकाश छप्परच दिसणार. बीडने या गीताचा फक्त लॅटिन मथितार्थ दिला आणि लिहिलं, की कविता कितीही चांगली असली तरी शब्दाला शब्द लावून दुसऱ्या भाषेत नेली की तिची शोभा जाते. बीडच्या ग्रंथाच्या एका फार जुन्या प्रतीत, जी आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, कुणीतरी लॅटिन मजकुराखालच्या समासात ते मूळ इंग्रजी गीत लिहून ठेवलं आहे.

हिल्डच्या मठात लॅटिन ग्रंथांचा मान मोठा होता. तरीही निरक्षर माणसाच्या तोंडची बोली तिने हलकी मानली नाही. आपल्याकडे संस्कृतात कोंडलेलं ज्ञान मराठीत आणणाऱ्यांना किती सोसावं लागलं हे माहीत असलेल्या वाचकाला, मठप्रमुखाने असं दार उघडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

६७४ पासून तिला ताप येऊ लागला. सहा वर्षं तो गेला नाही. त्या काळातही ती देवाचे आभार मानत राहिली आणि आपल्या लोकांना शिकवत राहिली, असं बीड लिहितो. दुखण्याच्या त्याच अखेरच्या वर्षी तिने तेरा मैलांवर हॅकनेस इथे आणखी एक मठ उभारला. १७ नोव्हेंबर ६८० रोजी, कोंबडं आरवण्याच्या सुमाराला, तिने मठातल्या भगिनींना जवळ बोलावलं, एकमेकींशी आणि सगळ्यांशी शांतीने राहा म्हणून सांगितलं, आणि बोलता बोलता गेली. वय ६६. पुढे मठ राणी एनफ्लेड आणि एल्फ्लेड या मायलेकींनी चालवला. ऑस्वी तिथेच पुरला गेला, आणि एडविनच्या अस्थीही तिथेच आणल्या गेल्या. जन्मभराची दोन वैरी घराणी एका छपराखाली आली.

त्या रात्री हॅकनेसच्या मठात बेगू नावाची भगिनी झोपली होती. कुणी गेलं की प्रार्थनेला उठवायला वाजते ती घंटा तिला ऐकू आली. डोळे उघडले तर छप्पर नाहीसं झालेलं, वर लख्ख प्रकाश, आणि त्या प्रकाशातून हिल्डला देवदूत घेऊन चाललेले. मग बघते तर बाकीच्या सगळ्या शांत झोपलेल्या. ती धावत मठ सांभाळणाऱ्या फ्रिगिथकडे गेली आणि रडत रडत म्हणाली, आपली आई गेली. फ्रिगिथने सगळ्यांना उठवलं, चर्चमध्ये नेलं, आणि पहाटेपर्यंत त्या स्तोत्रं म्हणत बसल्या. उजाडल्यावर व्हिटबीहून साधू निरोप घेऊन आले. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा भगिनी म्हणाल्या, आम्हाला कळलंय.